मावसभावाची एम३४०आय आणि कोकणातले रस्ते : सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधी सांगून टाकतो, गाडी माझी नाही. मावसभाऊ मर्चंट नेव्हीत आहे, तो जहाजावर चढला की गाडी रत्नागिरीत माझ्या अंगणात येते आणि "नुसती उभी ठेवू नकोस रे, फिरव" असा हुकूम असतो. म्हणून वर्षातले पाच-सहा महिने बीएमडब्ल्यूची एम३४०आय एक्सड्राइव्ह, म्हणजे थ्री सिरीजमधली चारही चाकांना ओढ देणारी गाडी, मी चालवतो, पेट्रोल माझं. पंपावर, जेटीवर, लग्नात, अगदी दहाव्याला गेलो तरी लोक तेच ते प्रश्न विचारतात, तर एकदा बसून सगळं लिहून काढलं. पुढच्या वेळी सरळ लिंक पाठवेन.

किती देते?

हा पहिला प्रश्न, कायम. आंबा घाट चढताना सात-आठ, हायवेला ऐंशी-नव्वदला शांत चालवली तर बारा-तेरा, आणि रत्नागिरीच्या बाजारात राम आळीच्या आसपास अडकलात तर आकड्याकडे बघूच नका. टाकी ५९ लिटरची आहे. फुल करताना पंपावरचा पोरगा मीटरकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, मग परत मीटरकडे.

इंजिन नक्की काय आहे? दोन टर्बो आहेत ना?

नाही, टर्बो एकच. कंपनी त्याला ट्विनपॉवर टर्बो म्हणते त्यामुळे निम्मी दुनिया समजते की दोन आहेत. इंजिनचं नाव बी५८, २०१५ मध्ये पहिल्यांदा आलं. एका ओळीत सहा सिलिंडर, २९९८ सीसी, म्हणजे एका सिलिंडरला साधारण पाचशे सीसी. हेच इंजिन टोयोटाच्या २०१९ च्या सुप्रामध्येपण बसवलं, कारण ती गाडी आणि बीएमडब्ल्यूची झेड४ एकाच सांगाड्यावर बनल्या.

"ट्विन" आहे ते टर्बोच्या आतल्या वाटेत. सहा सिलिंडरचा फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४. आता नीट बघा, पहिले तीन सिलिंडर आणि शेवटचे तीन सिलिंडर आळीपाळीने पेटतात, एक इकडचा एक तिकडचा. म्हणून पहिल्या तिघांचा धूर एका वाटेने आणि शेवटच्या तिघांचा दुसऱ्या वाटेने टर्बोच्या चाकावर सोडला तर एकाचा धक्का दुसऱ्याला आडवा येत नाही आणि चाक कमी आरपीएमलाच फिरायला लागतं. टर्बो म्हणजे जाणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा, तो दुसऱ्या टोकाला हवा दाबून इंजिनात कोंबतो, एवढंच. फक्त हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा विरळ होते, तर ती आधी थंड करावी लागते, ते काम यात पाण्याने होतं आणि तो कूलर इनटेकमध्येच बसवलेला आहे. हवेला लांब पाइपातून फिरून यावं लागत नाही म्हणून पेडल दाबलं आणि वाट बघतोय असं फार होत नाही.

आणि सहा सिलिंडर एका ओळीत असले की त्यांचे धक्के एकमेकांना आपोआप मारतात, बॅलन्ससाठी वेगळा शाफ्ट लागत नाही. सिग्नलला उभं असताना बाजूचा विचारतो, चालू आहे की बंद?

पॉवर किती? कोणी ३८७ सांगतं कोणी ३७४

दोन्ही बरोबर. मार्च २०२१ मध्ये भारतात आली तेव्हा ३८७ एचपी होती, ०-१०० ला ४.४ सेकंद. डिसेंबर २०२२ च्या फेसलिफ्टमध्ये, म्हणजे त्याच गाडीच्या नव्या रूपात, ३७४ एचपी झाली, ४.६ सेकंद. टॉर्क, म्हणजे इंजिनची फिरवायची ताकद, दोन्हीत ५०० न्यूटन-मीटर. भावाची फेसलिफ्टवाली आहे. तेरा एचपी कमी झाले म्हणून ग्रुपवर लोकांनी सुतक पाळलं होतं, पण खरं सांगू का, आपल्या रस्त्यांवर तेरा एचपी म्हणजे समुद्रात लोटाभर पाणी. टॉप स्पीड २५० ला इलेक्ट्रॉनिक्सने बांधलेला आहे. कोकणात याचा काय उपयोग ते मला विचारू नका.

आकडा लक्षात ठेवायचा तो टॉर्कचा. नव्या स्विफ्टला ११२ न्यूटन-मीटर आहे, हिला त्याच्या जवळजवळ साडेचारपट, आणि तोही दोन हजार आरपीएमच्या खालीच पूर्ण हजर होऊन पाच हजारांपर्यंत टिकून राहतो. घाटात याचा अर्थ असा की पुढे जांभ्याच्या चिऱ्यांचा ट्रक असतो, वळण संपतं, समोर दीडशे-दोनशे मीटर रस्ता मोकळा दिसतो, पाय थोडासा टेकवला की ट्रक मागे. इंजिन किंचाळत नाही, मागचे प्रवासी हँडल पकडत नाहीत. माझ्या जुन्या गाडीत हेच करायचं म्हणजे दुसरा गिअर, देवाचं नाव आणि बायकोचा हात डॅशबोर्डवर.

चारही चाकं फिरतात म्हणजे थार आहे का ही?

अजिबात नाही. काजिर्डा किंवा कुठल्या खडकाळ सड्यावर न्यायचा विचार करत असाल तर राहू द्या.

यातली एक्सड्राइव्ह सिस्टिम अशी आहे की इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, मागे आठ गिअरचा झेडएफचा ऑटोमॅटिक बॉक्स, त्याच्या मागे ट्रान्सफर केस आणि त्यात क्लचच्या चकत्यांचा एक संच. नेहमीची ओढ मुख्यतः मागच्या चाकांना असते. त्या चकत्या कॉम्प्युटर जेवढ्या आवळेल तेवढा हिस्सा पुढच्या चाकांना जातो. चाक घसरल्यावरच जागं व्हायचं असं नाही, स्टिअरिंग किती वळलंय, पेडल किती दाबलंय हे बघून आधीच आवळून ठेवते. बीएमडब्ल्यूने एक्सड्राइव्ह हे नाव २००३ मध्ये एक्स३ पासून लावलं, पण चारही चाकांना ओढ देणारी थ्री सिरीज त्यांची त्याआधीच होती, ३२५आयएक्स, १९८५ ची. त्याच्याही आधी १९८० मध्ये ऑडीने क्वाट्रो आणून सगळ्यांची झोप उडवली होती हे सोडा, तो वेगळा विषय आहे आणि मी सुरू झालो की थांबत नाही.

याशिवाय मागच्या ॲक्सलवर एम स्पोर्ट डिफरन्शियल आहे, तेही इलेक्ट्रॉनिक. एक्सड्राइव्ह पुढे-मागे वाटणी करते, हे डावी-उजवी बघतं. वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं फिरत राहणार तेवढ्यात ओढ बाहेरच्या चाकाला देतं. आरे-वारेच्या चढावर, समुद्र डाव्या हाताला ठेवून गणपतीपुळ्याकडे जाताना ते वळण येतं ना, तिथे हे अक्षरशः पाठीला कळतं. गाडी मागून ढकलून वळणात बसवल्यासारखी वाटते.

मग पावसात एकदम सेफ असणार?

इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण हा गैरसमज जीवावर बेतू शकतो.

चार चाकांना ओढ दिली की फायदा होतो तो निघताना आणि वेग घेताना. ओल्या चढावर थांबलात, परत निघालात, एक चाक चिखलात आहे, गाडी निवांत निघते. ब्रेक मात्र जगातल्या सगळ्या गाड्यांना चारही चाकांना असतात, पंचवीस वर्षं जुन्या मारुतीलापण. थांबण्यात एक्सड्राइव्हचा काडीचा फायदा नाही. वळणात रस्त्याला किती धरून राहायचं ते टायर ठरवतात, आणि रस्त्यावर पाणी साचलं असेल तर रुंद टायर उलट लवकर तरंगतात. हिचे मागचे २५५ चे आहेत, पुढचे २२५ चे. म्हणजे नक्षी झिजली की बाकीचं सगळं शून्य.

आणि आपल्याकडे नुसता पाऊस नसतो. जूनच्या पहिल्या सरीला हायवेवर आठ महिन्यांचं ऑईल आणि धूळ असते, त्यात डोंगर कापून रस्ता केलेला, कडेची तांबडी माती वाहून डांबरावर येते, तो लाल लगदा म्हणजे साबण. गेल्या पावसाळ्यात निवळीच्या उतारावर मला चांगला धडा मिळाला. वेग फार नव्हता, साठ असेल, ब्रेकवर पाय ठेवला तर एबीएसची नुसती घरघर आणि गाडी आपल्या मर्जीने पुढे. काही झालं नाही, समोरचा टेम्पो तोवर निघून गेला. पण गंमत बघा, चढताना मी त्याच रस्त्यावर "काय ग्रिप आहे" म्हणत आलो होतो. ही सिस्टिम चढताना जो आत्मविश्वास देते तो उतरताना खिशातून काढून ठेवायचा. मी आता उतारावर स्टिअरिंगमागच्या पॅडलने दोन गिअर खाली टाकतो, वेग इंजिनवर धरतो आणि पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवतो.

ग्राउंड क्लिअरन्स? फेरीत चढते का?

कोकणात गाडीचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आणि शोरूममध्ये या विषयावर सगळ्यात कमी बोलतात. गाडी खाली आहे, सरळ सांगतो. त्यात व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २८५१ मिलिमीटर, म्हणजे पुढची चाकं स्पीडब्रेकर उतरली आणि मागची अजून चढायची आहेत तेव्हा पोट ब्रेकरच्या बरोब्बर वर असतं. गावागावात हौसेने घातलेले जे ब्रेकर आहेत, शाळेसमोरचे, देवळासमोरचे, ते तिरके घ्यायचे, एकेक चाक चढवत. गाडीत चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असतील तर माणसं उतरवायची. हो, मी उतरवलीयेत. साठ-सत्तर लाखांच्या गाडीतून उतरून लोक चालत ब्रेकर ओलांडतात आणि पलीकडे परत बसतात.

फेरीचं म्हणाल तर भरती-ओहोटीवर आहे. जयगड-तवसाळ आणि दाभोळ-धोपावे दोन्ही केलंय. भरतीला रॅम्प जवळजवळ सपाट असतो, काही त्रास नाही. ओहोटीला जेटीचा उतार आणि बोटीच्या फळीचा चढ मिळून जो कोन होतो त्यात पुढचा बंपर पहिला टेकतो. तिथले खलाशी हुशार आहेत, "दादा थांबा, ही पुढच्या बोटीला घ्या" असं तेच सांगतात, त्यांचं ऐकायचं. कॅलेंडरवर तिथी बघून ड्राइव्हला निघणारा बीएमडब्ल्यूवाला जगात दुसरा कुठे असेल असं वाटत नाही.

सस्पेन्शन कडक आहे का? आई-बाबांना घेऊन जायचं झालं तर?

कडक आहेच, नाही म्हणणार नाही. चौपदरी झालेल्या तुकड्यांवर मस्त, कशेडीच्या बोगद्यातून तर गालिच्यावरून गेल्यासारखी जाते. जिथे काम अर्धवट आहे, डायव्हर्जन आहे, खडी निघालीये, तिथे प्रत्येक खड्ड्याची ओळख करून देते. कम्फर्ट मोडमध्ये ठेवा. स्पोर्ट प्लस मोड घरून निघतानाच दाबून ठेवणारे लोक असतात, त्यांनी आपल्या आईला मागे बसवून एकदा पालीपर्यंत जाऊन यावं.

मागे दोघांना व्यवस्थित जागा आहे, मधल्याचे हाल, कारण मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा उंचवटा पायात येतो. आणि बसताना खाली वाकावं लागतं. गुडघेदुखीवाल्यांसाठी हा खरा त्रास आहे, माझी आई अजून पुढेच बसते. मागची जागा हेच मुख्य कारण असेल तर थ्री सिरीजचीच लांब व्हीलबेसवाली येते, ११० मिलिमीटर जास्त, ती बघा. ती मागच्या चाकांवर चालते, इंजिन लहान, पण आई-बाबा आशीर्वाद देतील.

चालवायला कशी आहे, एका वाक्यात?

एका वाक्यात नाही जमत. घाटात पहिली पाच मिनिटं वाटतं की गाडी जड आहे, आहेच, पावणेदोन टनांच्या आसपास. मग स्टिअरिंगचा अंदाज येतो, नाक लगेच वळतं, मधे थोडं वजन बाहेर झुकतं आणि पेडलवर पाय दिला की मागून ढकलत बाहेर काढते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणात पेडल दिलं की नाक बाहेर पळतं, इथे उलट वळण आवळत जातं. आठ गिअरचा बॉक्स टॉर्क कन्व्हर्टरवाला (तेलातून ओढ पोचवणारा) आहे, त्यामुळे चढावर गर्दीत इंच इंच सरकताना धक्के देत नाही. स्पोर्टमध्ये गिअर बदलताना पाठीत हलकी थाप बसते, ती मुद्दाम दिलेली आहे, गिअरबॉक्स खराब नाही. (भावाच्या सासऱ्यांनी सर्व्हिसला फोन लावायला सांगितला होता.)

मला विचाराल तर हिचा खरा गुण वेग नाही. रत्नागिरी ते कोल्हापूर, साखरप्यावरून आंबा घाट, गाडीतून उतरल्यावर मी थकलेला नसतो. ओव्हरटेक करायला झगडावं लागत नाही त्यामुळे ओव्हरटेक करायची घाईही सुटते. पाच-पाच मिनिटं एसटीच्या मागे निवांत जातो मी, कारण माहीत असतं की जागा मिळाली की दोन सेकंदांचं काम आहे. आधीच्या गाडीत मीच हॉर्न मारत असायचो.

ही एम३ आहे का?

नाही. एम परफॉर्मन्स म्हणतात त्याला, साधी थ्री सिरीज आणि तगडी एम३ यांच्या मधली पायरी. एम३ चं इंजिन एस५८, ते वेगळं. बॅज बघून फोटो काढणाऱ्या पोरांना मी आता समजावत नाही.

पेट्रोल कुठलं घालता?

टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं तेच प्रमाण. मी ९५ ऑक्टेनच्या वरचं मिळेल तिथे घालतो. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनवालं एक्सपी१०० डिसेंबर २०२० पासून आहे, पण ते शहरांत, आपल्याकडे साखरपा किंवा राजापूरला ते शोधत बसायचं नाही. कमी ऑक्टेन पडलं तर इंजिन लगेच बिघडत नाही, नॉक सेन्सर इंजिनातला अवेळी ठोका ओळखतो, कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, पॉवर थोडी मरते, चढावर जाणवतं. इथेनॉलचं म्हणाल तर २० टक्के मिश्रणात मायलेज थोडं पडणारच, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्याला इलाज नाही. ते हवेतलं पाणीही ओढतं, आणि आपल्याकडे हवेत पाणी सोडून काय असतं? म्हणून अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नका.

घाट चढून आल्यावर टर्बो थंड व्हावा म्हणून इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं का?

जुन्या डिझेल गाड्यांची सवय आहे ती. शेवटचे दोन किलोमीटर आरामात चालवा, पुरे.

पाण्यातून नेता येते का?

नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा किती गाड्या गेल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, तिथेच खरं नुकसान होतं. ढकला, उतरा, काहीही करा पण बटण दाबू नका. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, घ्याच.

पंक्चर झालं, बंद पडली तर?

टायरबद्दल एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. चारही चाकांचा फिरण्याचा हिशोब जुळलेला असावा लागतो. एक टायर नवा करकरीत आणि बाकीचे झिजलेले असले की त्यांचा घेर वेगळा होतो, ट्रान्सफर केसमधल्या चकत्या सरळ रस्त्यावरही उगाच घासत राहतात आणि ते बिल टायरपेक्षा कितीतरी मोठं येतं. म्हणून कंपनीने सांगितलेलेच टायर, शक्यतो जोडीने. पुढचे-मागचे रुंदीला वेगळे असल्यामुळे अदलाबदलही करता येत नाही.

आणि टो करायची वेळ आली तर दोन चाकं उचलून ओढायची नाही, आख्खी गाडी सपाट ट्रकवरच. मागे एकदा बॅटरी बसली तेव्हा एक क्रेनवाला दोर घेऊन आला आणि "साहेब, मी मर्सिडीजपण ओढलीय" म्हणाला. त्याला चहा पाजून परत पाठवला.

सर्व्हिस कुठे? खर्च?

अधिकृत सर्व्हिससाठी आपण गोवा, पुणे नाहीतर मुंबई धरतो. एक दिवस जातोच. खर्च कमी नसतो एवढंच सांगतो, खरा आकडा भाऊ त्याच्या बायकोलाही सांगत नाही.

किंमत?

आली तेव्हा एक्स-शोरूम ६२.९० लाख, फेसलिफ्टला ६९.२० लाख. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ६९.२० वर नऊ लाखांच्या आसपास नुसता टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांचा सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी झाला, त्यामुळे आजचा भाव शोरूमला विचारा. चेन्नईच्या कारखान्यात जोडली जाते म्हणून एवढ्यात तरी मिळते, अख्खी बाहेरून आणली असती तर कस्टमने अजून मारलं असतं.

कुडाळचे मामा पहिल्यांदा गाडीत बसले तेव्हा किंमत ऐकून म्हणाले, "येवढ्या पैशात कलमांची बाग इली असती मां रे!" आता आंबोलीला जायचं म्हटलं की पुढची सीट त्यांचीच.

खारी हवा, उंदीर, नारळ?

खारी हवा खालून खाते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवायचं, पाइप घेऊन खाली झोपायचं, लाज सोडायची. ब्रेक डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो, दोनदा ब्रेक मारला की जातो, घाबरू नका. माडाखाली लावू नका हे सांगायला नको. उंदीर हा खरा शत्रू, वायरिंगचं आवरण कुरतडतात, आणि या गाडीत वायर म्हणजे काही विचारू नका. मी रात्री बॉनेट उघडा ठेवून खाली छोटा दिवा लावतो. शेजारच्या आजींना पहिल्यांदा वाटलं पूजा चाललीय.

विकायची आहे का?

नाही हो. भाऊ ऑक्टोबरमध्ये उतरतोय. तोवर दर रविवारी सकाळी पावसपर्यंत जाऊन येतो, बॅटरी चार्ज राहावी म्हणून. बायकोला हेच कारण सांगितलंय.